गारपिटीनंतरची खरडछाटणी

सोलापूर जिल्ह्यात थंडी ओसरायला लागते, तेव्हा रानं ऐन भरात असतात. द्राक्षात साखर उतरलेली, बेदाण्याची शेड सजलेली, मालदांडी ज्वारी काढणीला आलेली. 2014 च्या फेब्रुवारीअखेरीस आभाळ भरून आलं ते याच घडीला. मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात ठिकठिकाणी गारा पडत राहिल्या. सोलापूरही त्यातून सुटलं नाही.

ज्वारीला तर काही उपायच नव्हता. आडवी पडलेली ताटं भिजली की कणीस काळं पडतं, कडबाही काळवंडतो. माणसाची भाकरी आणि जनावराची वैरण एकाच दिवशी जाते.

सांगोल्याकडे डाळिंब. गारेनं साल फुटली, फांदी खरचटली, की त्या जखमेतून तेल्या रोगाचा जिवाणू आत शिरतो. म्हणून पाऊस उघडला रे उघडला, की फुटकी फळं वेचून बागेबाहेर न्यायची, खड्ड्यात पुरायची आणि बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, फवारायचं. रडत बसायलाही उसंत नाही.

पंढरपूर तालुक्यात कासेगावच्या बाजूला द्राक्षबागा. एक मणी फुटला की त्याचा रस घडभर पसरतो, मागोमाग बुरशी येते. तो घड मग ना बाजाराचा, ना बेदाण्याचा. पण जाणता बागायतदार आधी घड बघत नाही. तो ओलांडा बघतो, तारेवर आडवं वळवलेलं वेलीचं जुनं खोड. ओलांडा शाबूत असेल तर बाग परत उभी राहते.

आणि ती एकट्या घराच्या बळावर उभी राहत नाही. कोसळलेल्या मांडवाचे अँगल सरळ करायला, तारा ओढायला शेजारची माणसं सावडीनं, कामाच्या बदल्यात काम म्हणून, येतात. औषधाचा दुकानदार वही उघडतो. छाटणीच्या टोळीतल्या बायका मजुरीसाठी थांबायला तयार होतात, त्यांच्याही घरी चूल पेटायची असताना. पंचनाम्यात या उधारीला रकाना नसतो. आम्हाला मात्र सावरण्यातला सगळ्यात मोठा वाटा तिचाच वाटतो.

एप्रिलात खरडछाटणी. अंगाची लाही करणाऱ्या उन्हात सगळी वेल बोडकी करायची, मिळेल तिथून पाणी आणून द्यायचं. तेव्हा फुटणाऱ्या नव्या काडीतच पुढच्या हंगामाचे घड धरतात. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर ते बाहेर दिसतात, आणि माल निघायला पुन्हा फेब्रुवारी उजाडतो. तोवर बागेतून घरात रुपया येत नाही. फवारण्या मात्र चालूच ठेवाव्या लागतात.