चीनमध्ये अनोळखी माणसाला हाक कशी मारायची?

नमस्कार. बीजिंगमधल्या एखाद्या उपाहारगृहात तुम्ही बसला आहात आणि वाढणाऱ्या तरुणीला बोलवायचे आहे, अशी कल्पना करा. जुन्या पाठ्यपुस्तकाच्या भरवशावर तुम्ही ‘श्याओजिए’, म्हणजे ‘कुमारी’, अशी हाक मारलीत, तर ती रागाने पाहण्याचा संभव आहे. त्या शब्दाचे असे का झाले, ते पाहू.

बादशाही काळातील शिष्टाचाराचे सूत्र होते स्वतःला खाली ठेवून समोरच्याला वर चढवणे. आपल्या मुलाचा उल्लेख ‘कुत्र्याचे पिल्लू’ असा, घराचा ‘गारठलेली झोपडी’ असा, आणि समोरच्याला विचारायचे ते मात्र ‘आपले मौल्यवान आडनाव काय?’ यातील शेवटचा प्रश्न, ‘क्वे शिंग’, आजही सर्रास विचारला जातो. बाकीचे शब्द आता बहुतेक ऐतिहासिक मालिकांत किंवा थट्टेतच ऐकू येतात.

1949 साली सत्तेवर आलेल्या कम्युनिस्टांना ही उतरंड मोडायची होती, म्हणून मंत्र्यापासून बसच्या वाहकापर्यंत सर्वांसाठी ‘तोंगझी’ हा एकच शब्द रूढ झाला. त्याचा शब्दशः अर्थ ‘समान ध्येय असलेला’. वय, लिंग, हुद्दा यांपैकी काहीही ठाऊक नसताना वापरता येणारी इतकी सोयीची हाक आपल्या मराठीतही नाही, हे मान्य करावे लागेल. ‘श्याओजिए’ मात्र श्रीमंत घरच्या मुलींचा म्हणून बूर्ज्वा, म्हणजे भांडवलदारी वळणाचा, ठरला. माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात (1966 ते 1976), जुन्या चालीरीतींवर हल्ला चढवला गेला तेव्हा, तर आदबशीर बोलणेच संशयास्पद झाले, आणि त्याची भरपाई म्हणून की काय, 1981 साली सरकारने ‘पाच आग्रह, चार सौंदर्ये’ ही मोहीम काढून ‘कृपया’, ‘धन्यवाद’, ‘माफ करा’ असे शब्द लोकांना नव्याने शिकवायला घेतले.

बाजार खुला झाला तसा ‘श्याओजिए’ मानाने परतला. पण पुढे तो वेश्याव्यवसायाशी जोडला गेला आणि मुख्य भूमीवर, विशेषतः उत्तरेत, बिघडला. तैवानमध्ये तो आजही सभ्य आहे. ‘तोंगझी’चे वळण आणखी वेगळे: हाँगकाँगमधून पसरलेल्या वापरामुळे तो समलिंगी व्यक्तींसाठीचा शब्द झाला, तरीही 2016 साली कम्युनिस्ट पक्षाने सदस्यांनी एकमेकांना ‘तोंगझी’च म्हणावे असा नियम पुन्हा बजावला.

मग त्या उपाहारगृहात काय म्हणायचे? ‘फूवूयुआन’, म्हणजे सेवा देणारी व्यक्ती. थोडे कोरडे, पण निर्धोक. काही जण ‘मेइन्यू’, म्हणजे ‘सुंदरी’, म्हणतात, आणि ती हाक दिसण्याकडे न पाहता कोणत्याही तरुणीला मारली जाते. ‘आयी’, अर्थात मावशी, ही हाक मात्र तिशीतल्या बाईला मारू नका.