फॅट किती लागतं?

(गुढीपाडव्याच्या मेळाव्यातलं भाषण, वेबसाइटसाठी थोडी काटछाट करून)

नमस्कार मंडळी! कमिटीने मला सांगितलं की मुलांना घेऊन उन्हाळ्यात कुठे गेलात त्याबद्दल बोला, सात मिनिटं बोला, आणि त्यातलं एक मिनिट माईकची उंची कमी करण्यात गेलंय, त्यामुळे प्रस्तावना वगैरे काही नाही, डायरेक्ट आपलं मेरीलँडमधलं गेथर्सबर्ग.

मॉन्टगमरी काउंटीची अ‍ॅग्रिकल्चरल फेअर तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल, निदान ऑगस्टमध्ये तिच्यामुळे होणारा ट्रॅफिक तरी पाहिलाच असेल. १९४९ पासून भरते ही. मी इथे इतकी वर्षं राहून कधी आत गेले नव्हते, कारण आपल्या डोक्यात असतं की हे काय, आकाशपाळणे आणि तळलेलं खाणं. गेल्या वर्षी सासूबाई आल्या होत्या, लेक सात वर्षांची, धाकटा चार, आणि शाळा सुरू व्हायला अजून वेळ, घरात सगळे एकमेकांना कंटाळलेले, म्हणून निघालो.

पहिला दीड तास फार सांगण्यासारखा नाही. ऊन, घाम, स्ट्रोलर, उंची मोजायच्या पट्टीपाशी धाकटा दोन इंच कमी भरला म्हणून जमिनीवर लोळण, ते सगळं तुमच्याकडेही होतं. फनेल केक घेतला. आई, म्हणजे सासूबाई, एक तुकडा तोंडात टाकून म्हणाल्या, "जिलबी बरी केलीय, पाकात टाकायची राहिली." मग त्या गप्पच होत्या. खरं सांगायचं तर त्या आल्यापासून दोन महिने बऱ्याचशा गप्पच होत्या. इथे त्यांना प्रत्येक गोष्ट कोणाला तरी विचारावी लागायची, नळ कसा सोडायचा, रस्ता कधी ओलांडायचा, अगदी मायक्रोवेव्हसुद्धा. ज्या बाईने खटाव तालुक्यात चाळीस वर्षं गोठा सांभाळला तिला सात वर्षांची नात सांगते, आजी तिथे टच करू नकोस.

आणि मग आम्ही गाईंच्या शेडमध्ये शिरलो.

म्हणजे मुलांना गाय दाखवायची, फोटो काढायचा, हात धुवायचे आणि निघायचं असा माझा प्लॅन होता. तिथे एक सोळाएक वर्षांचा मुलगा गाईला पाण्याने धूत होता, शेजारीच त्याची घडीची खाट, फेअर चालू असेपर्यंत ही पोरं जनावरांपाशीच झोपतात. ही फोर-एचवाली मुलं, हेड, हार्ट, हँड्स, हेल्थ असे ते चार एच, आठ वर्षांपासून अठरापर्यंतची, स्वतः जनावर वाढवायचं आणि इथे आणून दाखवायचं. आई गाईपाशी थांबल्या, पाठीवरून हात फिरवला, वाकून कास पाहिली आणि मला म्हणाल्या, "एचेफ हाय की ही. विचार त्याला, कितव्या येताची?"

एचेफ म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन जात, एवढं कळलं, पण येत म्हणजे काय तेच मला माहीत नाही! पुण्यात वाढलेली मी, दूध पिशवीतून येतं. नवऱ्याला फोन लावला, तो लेमोनेडच्या लायनीत, तो म्हणाला अगं वेत, वेत, म्हणजे किती वेळा व्यायली ते. मग मी त्या मुलाला कसंबसं इंग्रजीत विचारलं. सेकंड, म्हणाला. आईंनी मान हलवली, म्हणजे त्यांचा अंदाज बरोबर होता. दूध किती? ऐंशी पौंड दिवसाला. लेकीने फोनवर हिशेब केला, पस्तीसेक लिटर. आईंना ते पटलं नाही, पण गाईसमोर वाद नको म्हणून असेल, सोडून दिलं. आणि मग तो प्रश्न आला.

"फॅट किती लागतं?"

म्हणजे दुधात फॅट किती टक्के निघतं. मंडळी, तो मुलगा पाईप बंद करून उभा राहिला हो! मला वाटतं दिवसभर त्याला लोक "नाव काय हिचं?" आणि "चावते का?" एवढंच विचारत असणार. थ्री पॉइंट एट, तो म्हणाला, आणि मग थांबेचना. शोमध्ये जज काय बघतात ते सांगितलं, शंभरातले चाळीस मार्क नुसत्या कासेला असतात. आई म्हणाल्या, "बरोबर हाय, बाकी काय बघायचं असतंय?" मग दर विचारला. आपल्याकडे गाईच्या दुधाचा दर ठरतो तो साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफवर, म्हणजे फॅट सोडून दुधात जे बाकीचे घन पदार्थ असतात त्यांच्यावर, इथे शंभर पौंडावर. वीसेक डॉलर, म्हणाला तो, वर-खाली होतं, मध्येच पडतो. मी रुपयांत करून सांगितलं, लिटरला चाळीसच्या आतच बसतं.

आई बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "मग ह्याचं आन् आपलं एकच की गं."

तिथून पुढे फेअर त्यांची होती. आम्ही मागे मागे. त्यांनी लेकीला कान बघून जनावराला ताप आहे का ते कसं ओळखतात ते दाखवलं, शेळ्यांच्या शेडमध्ये एकीकडे बोट करून ही गाभण आहे म्हणाल्या आणि पाटीवर खरंच तसं लिहिलेलं होतं. धाकट्याला पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं सांगत होत्या, तिथे खिल्लार बैलांचा बाजार कसा भरतो, शिंगं कशी रंगवतात. तो म्हणाला, तिथे फनेल केक मिळतो का?

लिलावाचं मात्र मला जड गेलं. शेवटी या मुलांची डुकरं, मेंढ्या, बोकड लिलावात जातात, आणि विकत घेणारा काही पाळायला नेत नाही. लेकीने एका मुलीला आपल्या मेंढीच्या गळ्यात पडून रडताना पाहिलं आणि मला विचारलं की ती रडते तर विकते कशाला. माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी आइस्क्रीमचा विषय काढला. आई म्हणाल्या, "बाजार हाय बाळा. रडू येतंयच. मी पण रडलेय." एवढंच. लेक गप्प बसली, पण तिला ते माझ्या आइस्क्रीमपेक्षा जास्त पटलं असावं.

एक गोष्ट मला नंतर कळली. वॉशिंग्टन डीसीच्या इतक्या जवळ, आपण सगळे टाउनहाउसात दाटीवाटीने राहतो तिथे, ही शेती अजून टिकली कशी? तर १९८० साली काउंटीने ९३,००० एकर जमीन शेतीसाठी राखून ठेवली, म्हणजे काउंटीचा जवळजवळ तिसरा हिस्सा, आणि तिथे २५ एकरामागे एकच घर बांधायची परवानगी. पुण्याच्या आजूबाजूला काय झालंय ते आपण बघतोच, असो, तो विषय काढला तर सात मिनिटं पुरायची नाहीत.

तर यंदा ऑगस्टमध्ये मंडळातर्फे एकत्र जायचं का, ते चहाच्या टेबलापाशी वही ठेवलीय त्यात लिहा. ज्यांच्याकडे आई-वडील येणार असतील त्यांनी त्यांना नक्की आणा, विशेषतः गावाकडचे असतील तर. आणि टोप्या आणा, शेडमध्ये पंखे असतात पण बाहेर मुंबईचा मे असतो.

आई ऑक्टोबरमध्ये परत गेल्या. परवा दुकानात लेकीने दुधाचा गॅलन उचलला, लेबल वाचलं आणि तिथूनच आजीला व्हिडिओ कॉल लावला, तिकडे रात्रीचे साडेदहा. "आजी, ह्याला थ्री पॉइंट टू फाइव्हच लागतंय." सव्वातीन.

आजी झोपेतून उठून म्हणाली, "डेअरीवाला फॅट मारतोय मग. दुसरीकडं घाला."