क्राइस्टचर्च कॉल : एका पंतप्रधानांनी निवडलेलं नेमकं लक्ष्य

मित्रहो, आंतरराष्ट्रीय दहशतवादविरोधी धोरण कोण ठरवतं, असं विचारलं तर बहुतेकांच्या तोंडी अमेरिकेचं नाव येईल. ते चूक नाही. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर अवघ्या 17 दिवसांत सुरक्षा परिषदेने 1373 क्रमांकाचा ठराव मंजूर केला आणि दहशतवादाचा पैसा गोठवणं प्रत्येक सदस्य देशावर बंधनकारक झालं. बुश प्रशासनाच्या हाती नकाराधिकार होता, सैन्य होतं, डॉलर होता. आज ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे, त्या न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. न्यूझीलंड हा जेमतेम 50 लाख वस्तीचा देश. जी-7 गटात त्याला जागा नाही, आणि 2019 साली तो सुरक्षा परिषदेतही नव्हता. तरीही तिथल्या क्राइस्टचर्च शहरात मशिदींवर झालेल्या 15 मार्चच्या हल्ल्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, 15 मे 2019 रोजी, पॅरिसमध्ये 17 देश, युरोपीय आयोग आणि 8 मोठ्या इंटरनेट कंपन्या इंटरनेटवरचा दहशतवादी मजकूर रोखण्याच्या एका मसुद्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या. तोच ‘क्राइस्टचर्च कॉल’, म्हणजे क्राइस्टचर्चचं आवाहन. हे जमलं, कारण आर्डर्न यांनी प्रश्न जाणूनबुजून लहान करून मांडला, असं माझं ठाम मत आहे. आणि हे आवाहन जिथे अडलं, तिथे अडण्याचं कारणही तेच आहे.

त्या दिवशी काय घडलं ते तपशिलात पाहू या, कारण पुढचं सगळं धोरण त्या काही मिनिटांतून निघालं आहे. क्राइस्टचर्चमधल्या अल नूर मशिदीत आणि लिनवुड इस्लामिक सेंटरमध्ये शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी एका गोऱ्या वर्चस्ववाद्याने 51 माणसांचा जीव घेतला. मृतांमध्ये भारतीयही होते. हल्लेखोराने अंगावर कॅमेरा लावला होता आणि फेसबुकवर 17 मिनिटं थेट प्रक्षेपण केलं. प्रक्षेपण चालू असताना ते 200 हून कमी लोकांनी पाहिलं. त्यांपैकी एकानेही तक्रार केली नाही. पहिली तक्रार आली ती प्रक्षेपण सुरू झाल्यापासून 29 मिनिटांनी, म्हणजे ते संपून 12 मिनिटं उलटल्यावर. शिवाय त्या वेळच्या पद्धतीनुसार थेट प्रक्षेपणाच्या तक्रारींत आत्महत्येच्या तक्रारीला तातडीचा मार्ग होता. ही तक्रार वेगळ्या कारणाखाली आली, म्हणून ती त्या मार्गाने गेली नाही. अखेर पोलिसांनी कळवल्यावर कंपनीने व्हिडिओ काढला. तोपर्यंत तो सुमारे 4,000 वेळा पाहिला गेला होता आणि त्याच्या प्रतीचा दुवा एका बेनाम चर्चापटलावर पोचलाही होता.

खरा पूर त्यानंतर आला. पहिल्या 24 तासांत फेसबुकने 15 लाख प्रती काढल्या. त्यांतल्या 12 लाखांहून जास्त चढवतानाच अडवल्या गेल्या. उरलेल्या, तीन लाखांच्या घरातल्या प्रती प्रत्यक्ष लोकांसमोर येऊन गेल्या. यंत्राला मूळ प्रत माहीत होती, तर मग या तीन लाख सुटल्या कशा? हे समजून घेतल्याशिवाय आर्डर्न यांनी कंपन्यांकडे काय मागितलं आणि का मागितलं, ते नीट कळत नाही.

एखादी फाइल ओळखण्याची सोपी रीत म्हणजे तिचा हॅश काढणं, तिच्या बिट्सवरून एक ठरावीक लांबीचा आकडा तयार करणं. साध्या हॅशची अडचण अशी, की फाइलमधला एक बिट बदलला तरी आकडा पार बदलतो. म्हणून चित्रांसाठी आणि व्हिडिओसाठी दृश्यावर आधारलेला हॅश वापरतात. फेसबुकने ऑगस्ट 2019 मध्ये सर्वांसाठी खुली केलेली पीडीक्यू ही पद्धत घ्या. ती चित्राचा 256 बिट्सचा ठसा काढते. दोन ठशांमध्ये किती बिट वेगळे आहेत ते मोजायचं. 31 किंवा त्याहून कमी असतील, तर चित्र तेच समजायचं, अशी तिची शिफारस आहे. आता कोणी व्हिडिओ आरशासारखा उलटा केला, कडा कापल्या, वर पट्टी चिकटवली, किंवा टीव्हीच्या पडद्यावर चाललेला व्हिडिओ मोबाइलने पुन्हा टिपला, की हा फरक मर्यादेबाहेर जातो. फेसबुकला या एकाच व्हिडिओच्या डोळ्यांना वेगळ्या दिसणाऱ्या 800 हून अधिक आवृत्त्या सापडल्या. काही ठिकाणी चित्र सोडून आवाजावरून जुळणी करावी लागली. मर्यादा सैल करावी, तर बातम्या आणि निषेधाचे व्हिडिओही अडकतात. आवळावी, तर या आवृत्त्या निसटतात. यातून कायमची सुटका नाही.

थेट प्रक्षेपणात तर जुळवायला मूळ प्रतच नसते. तिथे यंत्राने दृश्य बघूनच ओळखायचं. पण अशा घटना सुदैवाने विरळ, त्यामुळे यंत्राला शिकवायला नमुने थोडे. हल्लेखोराच्या नजरेतून दिसणारं दृश्य एखाद्या बंदूकबाजीच्या व्हिडिओ गेमसारखंच भासतं, आणि असे खेळ रोज लाखो मुलं थेट दाखवत असतात.

आर्डर्न यांनी 19 मार्चला संसदेत दोन गोष्टी स्पष्ट केल्या. हल्लेखोराचं नाव आपण कधीही उच्चारणार नाही, ही पहिली. दुसरी कंपन्यांसाठी होती: तुम्ही नुसते पोस्टमन नाही, प्रकाशक आहात, नफा सगळा तुमचा आणि जबाबदारी मात्र काहीच नाही, हे चालणार नाही. देशांतर्गत पावलं झपाट्याने पडली. 18 मार्चला मुख्य सेन्सॉरने तो व्हिडिओ आक्षेपार्ह ठरवला, त्यामुळे तो जवळ बाळगणंही गुन्हा झालं. 10 एप्रिलला अर्धस्वयंचलित बंदुकांवरील बंदीचं विधेयक संसदेत 119 विरुद्ध 1 मतांनी मंजूर झालं. व्हिडिओचं मात्र तसं नव्हतं. तो ज्या सर्व्हरवर होता, त्यांवर वेलिंग्टनची, म्हणजे न्यूझीलंड सरकारची, सत्ता चालत नव्हती.

मग जायचं कुठे? संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गेलं, की दहशतवाद म्हणजे काय या व्याख्येपाशी गाडी अडते. भारताने 1996 मध्ये मांडलेला सर्वसमावेशक दहशतवादविरोधी कराराचा मसुदा अजून त्याच व्याख्येवर अडकून पडला आहे, हे आपल्याला ठाऊकच आहे. सुरक्षा परिषदेची 1267 क्रमांकाच्या ठरावातून उभी राहिलेली निर्बंधांची यादी आता अल-कायदा आणि आयसिसशी जोडलेल्यांसाठी आहे. गोऱ्या वर्चस्ववादाचा एकटा हल्लेखोर तिच्यात बसत नाही. आर्डर्न यांनी दोन्ही दारं सोडून दिली. त्या वर्षी जी-7 चं यजमानपद फ्रान्सकडे होतं आणि त्या गटाच्या डिजिटल मंत्र्यांची बैठक पॅरिसमध्ये ठरलेली होती. त्यांनी इमॅन्युएल मॅक्रॉन यांना सहयजमान केलं आणि ती तारीख गाठली. मसुद्यात दहशतवादाची व्याख्या घातलीच नाही. विषय फक्त इंटरनेटवरच्या दहशतवादी आणि हिंसक अतिरेकी मजकुरापुरता ठेवला. सरकारांची कामं वेगळी, कंपन्यांची वेगळी आणि दोघांनी मिळून करायची वेगळी लिहिली. मानवी हक्क आणि खुलं इंटरनेट यांची हमी मसुद्यात घातली. भारत पहिल्या पाठीराख्यांत होता. अमेरिकेने मात्र अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा पुढे करून तेव्हा नाव दिलं नाही. ती मे 2021 मध्ये, बायडन यांच्या काळात आली.

हे आवाहन ऐच्छिक आहे, मोडलं तर दंड नाही. म्हणून अनेकांनी त्याला पोकळ म्हटलं. मला ही टीका उथळ वाटते. बंधनकारक कायदेही त्याच काळात आले. ऑस्ट्रेलियाने एप्रिल 2019 मध्येच कंपन्यांना वार्षिक उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड करणारा कायदा केला. युरोपीय संघाचा, आदेश मिळाल्यापासून एका तासात मजकूर काढायला लावणारा नियम 7 जून 2022 पासून लागू झाला. त्याचा प्रस्ताव मात्र क्राइस्टचर्चच्या आधीचा, सप्टेंबर 2018 चा. पण हल्ला चालू असताना कोणत्या कंपनीतल्या कोणी कोणाला फोन करायचा, हे कायद्याने ठरत नाही. त्यासाठी सराव लागतो.

तो सराव या आवाहनातून उभा राहिला. फेसबुक, मायक्रोसॉफ्ट, ट्विटर आणि यूट्यूब यांनी 2017 मध्ये इंटरनेटवरच्या दहशतवादाला तोंड देण्यासाठी जीआयएफसीटी नावाचा मंच काढून हॅशचं सामायिक भांडार चालवलं होतं. मूळ व्हिडिओ एकमेकांना द्यायचा नाही, फक्त त्याचा ठसा द्यायचा. प्रत्येकाने तो आपल्या नियमांप्रमाणे वापरायचा. सप्टेंबर 2019 मध्ये या मंचाला स्वतंत्र संस्था करण्याची घोषणा झाली. डिसेंबरमध्ये वेलिंग्टनला सरकारं आणि कंपन्या यांनी एकत्र बसून संकटाच्या वेळच्या कार्यपद्धतीची तालीम केली. भांडाराचा आवाकाही वाढवणं भाग पडलं. संयुक्त राष्ट्रांच्या यादीतल्या संघटनांवर ते प्रामुख्याने बेतलेलं होतं, म्हणजे क्राइस्टचर्चसारखा हल्लेखोर त्याच्या मूळ चौकटीबाहेरच राहिला असता. 2021 मध्ये हल्लेखोरांचे जाहीरनामे आणि पीडीएफ यांचेही ठसे त्यात घेण्याचं ठरलं. माझ्या मते आर्डर्न यांचा सर्वांत टिकाऊ परिणाम हाच: ‘दहशतवादी’ म्हणजे यादीतली संघटना, ही 2001 नंतरची सवय त्यांनी मोडायला लावली.

फरक मिनिटांत मोजता येतो. 9 ऑक्टोबर 2019 ला जर्मनीत हाले इथे सिनेगॉगवर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर, हल्ला झाला. ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावरचं चित्रण 35 मिनिटं चाललं. थेट पाहणारे पाचच होते, पण नंतरच्या अर्ध्या तासात सुमारे 2,200 जणांनी ते पाहिलं. जीआयएफसीटीची नवी कार्यपद्धती पहिल्यांदा तेव्हा वापरली गेली. 14 मे 2022 ला अमेरिकेत बफेलोच्या सुपरमार्केटवर हल्ला झाला, तेव्हा हिंसा सुरू झाल्यावर दोन मिनिटांच्या आत ट्विचने प्रक्षेपण तोडलं. तेवढ्यात कोणीतरी ते टिपून घेतलं होतं. स्ट्रीमेबल नावाच्या संकेतस्थळावरची एक प्रत काढली जाईपर्यंत 30 लाखांहून जास्त वेळा पाहिली गेली. दार दोन मिनिटांत बंद झालं, पण शेजारचं उघडंच होतं. जे पॅरिसच्या टेबलावर कधी बसलेच नाहीत, त्यांना ऐच्छिक आवाहन बांधू शकत नाही.

टेबलावर बसलेलेही बदलतात. नोव्हेंबर 2022 मध्ये, ट्विटरची मालकी बदलल्यावर थोड्याच दिवसांत, क्राइस्टचर्चच्या मूळ चित्रणाचे तुकडे तिथे पुन्हा दिसू लागले. यंत्राने ते पकडले नाहीत. न्यूझीलंड सरकारने कळवल्यावर ते निघाले. हॅशचं भांडार तेच असलं, तरी सूचनेवर कारवाई करायला माणसं लागतात.

आपल्याकडे हा प्रश्न दुसऱ्या वाटेने आला. 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईत कॅमेरे वृत्तवाहिन्यांचे होते, आणि सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार त्या चित्रणावरून हल्लेखोरांना सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या कसाब निकालात वाहिन्यांवर कठोर ताशेरे ओढले. 2015 मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण बंद झालं; कारवाई संपेपर्यंत नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवायची. वाहिन्या मोजक्या आणि परवानाधारक होत्या, म्हणून नियम पुरला. ज्याच्या हातात फोन आहे, त्याला परवाना लागत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरक्षा परिषदेची दहशतवादविरोधी समिती मुंबईत ताजमध्ये आणि मग दिल्लीत भरली, तेव्हा इंटरनेट, नवी देयक-साधनं आणि ड्रोन हेच तीन विषय घेतले गेले.

आर्डर्न जानेवारी 2023 मध्ये पायउतार झाल्या. त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांनी त्यांना या आवाहनासाठी विनावेतन विशेष दूत नेमलं. 2024 मध्ये काम स्वतंत्र क्राइस्टचर्च कॉल फाउंडेशनकडे गेलं. एक वचन मात्र बरंचसं कागदावरच आहे: माणूस अशा मजकुरापर्यंत शिफारशींच्या अल्गोरिदममधून कसा पोचतो, हे कंपन्यांनी तपासून पाहायचं. सप्टेंबर 2022 मध्ये त्यासाठी अमेरिका, ट्विटर आणि मायक्रोसॉफ्ट यांना घेऊन, वापरकर्त्यांची खासगी माहिती बाहेर न जाऊ देता संशोधकांना आत डोकावता यावं अशी साधनं बनवायचा उपक्रम जाहीर झाला. व्हिडिओ किती मिनिटांत काढला, हे बाहेरूनही मोजता येतं. तो कोणाच्या पुढ्यात का आला, हे मात्र कंपनीने आतली नोंद उघडल्याशिवाय कळत नाही. ही नोंद बाहेरच्या तपासनीसाला दाखवणं सक्तीचं करायचं की नाही, हे आता सरकारांना ठरवायचं आहे.