नावडतीचा देव

श्रोतेहो, नमस्कार.

इथं नागपुरात, सदरमधल्या एका चर्चबाहेर, उपासना सुटल्यावर दहावीतल्या एका मुलानं मला गाठलं. "काका, देव प्रीती आहे म्हणता, मंग 'एसावाचा मी द्वेष केला' असं देवच कसं म्हणतो? तो तर तेव्हा जन्मलापण नव्हता!" मी घाईत काहीतरी सांगितलं. ते माझं मलाच पटलं नाही.

एसाव आणि याकोब ही जुळी भावंडं पोटात होती तेव्हा त्यांच्या आईला, रिबकेला, देवानं सांगितलं, की थोरला धाकट्याची सेवा करील. थोरला तो एसाव. तिथं द्वेष हा शब्द नाही. तो येतो बायबलातल्या मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकात, शेकडो वर्षांनी. तोवर एसाव म्हणजे एक माणूस नव्हे, त्याच्या वंशजांचं अदोम नावाचं अख्खं राष्ट्र. येशूचा प्रेषित पौल यानं रोमच्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिताना ही दोन्ही वचनं शेजारी ठेवली, म्हणून आपण ती एका दमात वाचतो.

मूळ हिब्रू शब्द आहे 'साने'. याकोबाच्या बायकोबद्दल, लेआबद्दलही, हाच शब्द येतो. याकोबाचा जीव लेआपेक्षा दुसऱ्या बायकोवर, राहेलवर, जास्त होता असं आधी म्हटलंय, आणि लगेच पुढच्या ओळीत लेआसाठी हा शब्द. श्रावणातल्या कहाण्या ऐकलेल्यांना हे उलगडून सांगायला नको. आवडती राणी आणि नावडती राणी! नावडतीला जाडंभरडं नेसायला आणि राहायला गुरांचा गोठा. लेआ नावडती आहे हे पाहून देवानं काय केलं? तिची कूस उजवली. तिच्याच मुलाच्या, यहूदाच्या वंशात पुढं दावीद झाला, येशू झाला.

पण द्वेष म्हणजे नुसतं कमी प्रेम, असं म्हणून पुस्तक मिटायला माझं मन धजत नाही. अदोमचे डोंगर ओसाड केले, हे मलाखीत त्याच वचनात आहे. ज्याला जुलूम आवडतो त्याचा परमेश्वर द्वेष करतो, असं अकरावं स्तोत्र उघड म्हणतं. अदोमनं केलं तरी काय होतं? इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या फौजेनं याकोबाच्या वंशजांचं, म्हणजे इस्राएलाचं, यरुशलेम पाडलं. ओबद्या संदेष्टा सांगतो, की जीव मुठीत धरून पळणाऱ्यांना हे अदोमी भाऊबंद वाटेत अडवून शत्रूच्या हाती देत होते. हे पाहून ज्याचं काळीज पेटत नाही, त्याच्या प्रीतीवर पळणाऱ्यानं विश्वास कसा ठेवावा?

आणि त्याच शास्त्रात, अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात, इस्राएलाला आज्ञा आहे: अदोम्याचा तिरस्कार करू नकोस, तो तुझा भाऊ आहे. देवाच्या क्रोधाचं नाव घेऊन शेजाऱ्यावर दात धरण्याची मुभा आपल्याला नाही.

त्या मुलाला येत्या रविवारी मी उत्पत्तीचा तेहतिसावा अध्याय वाचायला देणार आहे. भावाला फसवून पळालेला याकोब वीस वर्षांनी भीत भीत परत येतो. समोरून एसाव येतो, चारशे माणसं घेऊन. आणि धावत येऊन गळ्यात पडतो. दोघे भाऊ रडतात. मग याकोब त्याला, त्या एसावाला म्हणतो, तुझं तोंड पाहिलं आणि देवाचंच मुख पाहिल्यासारखं वाटलं.