बटरकप उलटं धरून पाहा

मंडळी, मे महिन्यात इंग्लंडमधल्या कुठल्याही कुरणावर गेलात तर हळद सांडल्यासारखी पिवळी फुलं दिसतील. कोणालाही विचारा, उत्तर एकच येतं: बटरकप. पण त्या एका नावात मेडो, क्रीपिंग आणि बल्बस अशा तीन जाती बेमालूम मिसळलेल्या असतात.

पाकळ्यांवरून ओळखायला जाल तर फसाल. मी पहिले दोन उन्हाळे तेच करत होतो. पाच पाकळ्या, तोच पिवळा, तीच तुकतुकी. ती तुकतुकी येते कशी, तर पाकळीची वरची त्वचा अगदी सपाट असते आणि तिच्याखाली हवेचा पातळ थर असतो, त्यामुळे उजेड आरशासारखा परत फिरतो. सुंदर आहे, पण जात ओळखायला कामाचं नाही.

म्हणून फूल उलटं करा. पाकळ्यांखाली पाच हिरवट निदलं दिसतील. ती मिटल्या छत्रीसारखी खाली वळून देठाला टेकली असतील, तर तो बहुधा बल्बस बटरकप. खात्रीसाठी बुंध्याजवळची माती बोटानं जराशी सारा, खोडाचा तळ कांद्यासारखा फुगलेला लागेल. हेअरी बटरकप या चौथ्या जातीचीही निदलं अशीच मुडपतात, पण त्याला हा कांदा नसतो. झाड मात्र उपटू नका, माती परत लोटून द्या.

निदलं पाकळ्यांना लागूनच असली तर फुलाचा देठ चिमटीत धरून फिरवा. बोटांना पन्हळी लागल्या तर क्रीपिंग, देठ गोल आणि गुळगुळीत असला तर मेडो बटरकप.

आता पान. ते बुंध्याशीच शोधा, कारण वरची पानं तिन्हींची बारीक होत जातात. मेडोचं पान पंज्यासारखं खोल चिरलेलं, आणि सगळे भाग एकाच ठिकाणी येऊन मिळतात. क्रीपिंगच्या पानाचे तीन भाग, त्यातल्या मधल्याला स्वतःचा छोटा देठ. बल्बसचंही तसंच असतं, म्हणून नुसत्या पानावर निकाल देऊ नका. क्रीपिंगची धावती खोडं मात्र जमिनीवर पसरून पेरापेराशी मुळं धरतात. बागवाले त्याला वैतागतात ते यामुळेच.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ साली तिघांना दिलेली लॅटिन नावं याच खुणा सांगतात. बल्बोसस म्हणजे कंदवाला, रेपेन्स म्हणजे सरपटणारा, आक्रिस म्हणजे तिखट. तिखट कारण झाड चुरगळलं की रसात दाहक द्रव्य तयार होतं, त्यानं कातडीवर फोडही येतात. गाई हे ताजं झाड टाळतात. वाळलेल्या गवतातून गेलं तर मात्र चालतं, कारण वाळताना तो दाह उरत नाही. आपला बचनाग याच कुळातला, आणि बाळगुटीत उगाळतात ते अतिविषही.

ही तीन फुलं पुढच्या रांगेपासून फिरवतो. प्रत्येकाबरोबर बुंध्याचं एकेक पान आहे. चुरगळू नका, आणि नंतर हात धुवा. आधी उलटी करून निदलं पाहा, मग देठ.