भाव कोण ठरवतं? माणदेशी महोत्सवातल्या बायकांची गोष्ट

(पडद्यावर: मैदानावरचा मांडव, चुलीचा धूर, गर्दी. मागे जात्याची घरघर.)

नमस्कार मंडळी. रवींद्र नाट्य मंदिर म्हटलं की आपल्याला काय आठवतं, तर तिसरी घंटा, मध्यंतरातला चहा आणि पुढच्या रांगेतल्या काकांचा मोबाईल. पण प्रभादेवीच्या याच नाट्य मंदिराच्या आवारात हिवाळ्यात वेगळाच खेळ लागायचा. तिकीट नाही, पडदा नाही. आत शिरायच्या आधीच कांदा-लसूण मसाल्याचा ठसका लागायचा आणि शिंकत शिंकत आत गेलं की समोर कुंभाराचं चाक फिरतंय, बाजूला कुणीतरी सूप विणतंय, शिंदीच्या पानांच्या केरसुण्या, काळीभोर घोंगडी, हुलगे, मटकी, कारळ्याची चटणी, खपली गहू, आणि गजी नाचणाऱ्या मंडळींचा ढोल. हा माणदेशी महोत्सव. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची माणदेशी फाउंडेशन तो मुंबईत भरवते.

आता तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं, असली प्रदर्शनं ढीगभर असतात. असतात की. बीकेसीला एमएमआरडीएच्या मैदानावर महालक्ष्मी सरस भरतं, तिथं तर अख्ख्या महाराष्ट्रातले आणि बाहेरच्या राज्यांतलेही बचत गट येतात आणि खायच्या स्टॉलसमोर पाय ठेवायला जागा नसते. पण आज आपल्याला खरेदी करायची नाहीये. आज आपण बघणार आहोत की स्टॉलच्या पलीकडे, म्हणजे टेबलाच्या त्या बाजूला, काय चाललेलं असतं.

(पडद्यावर: उघडा माळ, बाभळी, शेळ्या. लांबवर पवनचक्क्या.)

आधी माणदेश कुठंय ते सांगतो, कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुका, आणि त्याला लागून खटाव, आटपाडी, सांगोला असा सगळा पट्टा. एकाच जिल्ह्यात पश्चिमेला महाबळेश्वर, जिथं वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि पूर्वेला माण, जिथं 500 मिलिमीटर पडला तर लोक म्हणतात यंदा बरं झालं बाबा. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि इकडं नुसता वारा येतो. त्यामुळं इथली माणसं पिढ्यानपिढ्या बाहेर. कुणी मुंबईला माथाडी, कुणी सोनं-चांदी गाळायच्या गलाई कामाला पार देशाच्या दुसऱ्या टोकाला. पुरुष गेले की मागं कोण, तर बाई, शेळ्या, मेंढरं, कोरडवाहू रान आणि सासूसासरे. म्हणजे कारभार सगळा बाईकडं. फक्त कारभाराच्या कागदावर तिचं नाव नाही, सातबाऱ्यावर नाही आणि बँकेत तर अजिबातच नाही.

ही माणदेशी फाउंडेशन उभी केली चेतना सिन्हा यांनी. त्या मूळच्या मुंबईच्या, जयप्रकाश नारायणांच्या चळवळीतल्या, लग्न करून म्हसवडला आल्या. त्यांनी अनेकदा जाहीरपणे सांगितलेली गोष्ट अशी, की रस्त्याच्या कडेला लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडं आली, तिला रोज थोडे पैसे साठवायचे होते, पावसाळ्याच्या आत झोपडीवर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. बँकेनं खातं उघडून दिलं नाही. रक्कम फार छोटी म्हणे. आता विचार करा, ती काही कर्ज मागत नव्हती, स्वतःचेच पैसे ठेवायला गेली होती!

मग ठरलं की बायकांचीच बँक काढू. अर्ज रिझर्व्ह बँकेकडं गेला आणि 1996 मध्ये परत आला, कारण प्रवर्तक सभासदांत अंगठे लावणाऱ्या बायका होत्या आणि निरक्षर लोकांना बँकेचा परवाना कसा द्यायचा. कुणीही इथं हात टेकले असते. या बायकांनी काय केलं, तर आम्हाला शिकवा म्हणाल्या. दिवसभर रानात राबून रात्री पाटी-पेन्सिल. काही महिन्यांनी त्या पुन्हा साहेबांसमोर गेल्या आणि साहेबांनाच म्हणाल्या की तुम्ही कुठलीही रक्कम सांगा, आम्ही तोंडी व्याज काढून दाखवतो, आणि तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटर न घेता काढायला सांगा, बघू कोण जिंकतं. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. ग्रामीण बायकांनी ग्रामीण बायकांसाठी चालवलेली, रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली देशातली पहिली.

पुढं बायकांसाठी बिझनेस स्कूल आलं, त्याचीच गावोगाव फिरणारी बस आली, 2008 मध्ये माणदेशी तरंग वाहिनी नावाचा रेडिओ आला, 90.4 वर. 2012 चा दुष्काळ आला तेव्हा जनावरांची छावणी उभी केली, हजारो जनावरं, महिनोन्महिने. आणि 2018 मध्ये चेतनाताई दावोसला जागतिक आर्थिक मंचाच्या सहअध्यक्ष होत्या, त्या वर्षी सगळ्या सहअध्यक्ष बायकाच होत्या. दावोसचे फोटो पेपरात छापून आले, छान वाटलं. पण मला विचाराल तर दावोसपेक्षा ते तोंडी व्याज भारी आहे.

(पडद्यावर: चटणीच्या पिशव्या, तराजू, वहीत हिशेब लिहिणारा हात.)

तर आता येऊ टेबलाच्या त्या बाजूला. नव्यानं स्टॉल लावणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा सगळ्यात अवघड काय. प्रवास? नाही. मुंबईची गर्दी? तीही नाही. भाव सांगणं. गिऱ्हाईक विचारतं कितीला, आणि तोंडातून आकडा बाहेर पडत नाही, पडला तरी लगेच मागून शेपूट, की द्या तुम्हाला काय द्यायचं ते.

यात लाजण्यापेक्षा हिशेबाचा भाग जास्त आहे. समजा शेंगदाण्याची चटणी. किलोभर चटणीला शेंगदाणे 150 रुपयांचे, मिरची लसूण जिरं मीठ 60, गॅस 20, पिशवी आणि लेबल 20. झाले 250. ती 300 ला विकली की बाई म्हणते 50 रुपये सुटले. सुटले का पण? शेंगा फोडल्या कुणी, दाणे भाजले कुणी, टरफलं पाखडली कुणी, उखळात कुटलं कुणी? दिवसभरात समजा पाच किलो होते. शेतात खुरपायला गेली असती तर 300 रुपये हजेरी मिळाली असती, म्हणजे किलोमागं 60 रुपये तिची स्वतःची मजुरी. ती धरली की खर्च 310. म्हणजे 300 ला विकून बाई किलोमागं 10 रुपये खिशातून घालत होती आणि वर धंदा चांगला चाललाय म्हणून खूश होती. प्रवासभाडं, खराब गेलेला माल आणि थोडा नफा धरला की तीच चटणी 480 ला विकायला लागते.

गंमत म्हणजे हे गणित कुणाला अवघड जात नाही हो. तोंडी व्याज काढणाऱ्या बायकांच्या गावातल्या त्या! अवघड जातं ते 'माझी मजुरी' हा रकाना वहीत आखायला. घरात जन्मभर केलेल्या कामाची कुणी मजुरी लावली नाही, तर चटणीत ती लावायची हे सुचणार कुठून. म्हणून बचत गटाच्या ट्रेनिंगमध्ये हा रकाना आधी आखायला लावतात. अन्नसुरक्षेची नोंदणी, छोट्या धंद्याला वर्षाची फी फक्त 100 रुपये, पिशवीवर वजन, तारीख, हिरवा ठिपका, हे सगळं नंतर सीआरपी ताई, म्हणजे गटांना मदत करायला गावातूनच नेमलेल्या बायका, शिकवतातच.

मग समोर येतं मुंबईचं गिऱ्हाईक. एवढं महाग? आमच्या इथं दादरला तर निम्म्यात मिळतं. हे वाक्य चार-पाच दिवसांत किती वेळा ऐकू येतं ते मोजायच्या भानगडीत पडू नका. मॉलमध्ये छापील किमतीला आपण गुपचूप कार्ड पुढं करतो आणि घोंगडीपाशी आलो की एकदम आपल्यातला व्यापारी जागा होतो. अहो, मेंढ्या राखायच्या, लोकर कातरायची, पिंजायची, सूत काढायचं, खळ लावायची, मागावर विणायचं, एका घोंगडीत अख्ख्या घराचे हात आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत बहुतेक बायका हे सगळं गिऱ्हाईकाला सांगायला लागतात आणि आकड्यामागचं शेपूट गळून पडतं. माझ्या मते महोत्सवाचा खरा माल हा आहे.

(पडद्यावर: जुन्या गिरणीची चिमणी, तिच्या शेजारी नवा टॉवर.)

एक आठवण जाता जाता. प्रभादेवी, परळ, लालबाग हा सगळा गिरणगाव. कोकणातून, घाटावरून आलेले हजारो गिरणी कामगार इथं जेवायचे ते खानावळवाल्या बायकांकडं. दहा बाय दहाच्या खोलीत वीस-वीस माणसांचा स्वयंपाक. पगार झाला की पैसे मिळणार, तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. या बायकांना 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्याच्याही आधी, 15 मार्च 1959 ला, गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीत पापड लाटायला सुरुवात केली, तो लिज्जत पापड. म्हणजे माणदेशातल्या बाया मुंबईत येऊन काही नवं करतायत असं नाही, या शहरात बायकांच्या हातच्या अन्नावर लाखो माणसं आधीच जगलेली आहेत. बचत गट हा शब्द रुळला तो नंतर, नाबार्डनं 1992 ला गट बँकांशी जोडायला घेतल्यावर, आणि राज्यात गावातल्या बचत गटांसाठी सरकारचं उमेद अभियान आलं 2011 ला.

(पडद्यावर: मांडवात टाळ्या, मंचावर सत्कार.)

आता थोडं कडू बोलतो, चालेल ना. बायकांचे कार्यक्रम म्हणून आपल्याकडं काय काय चालतं, तर संक्रांतीला हळदीकुंकू आणि वाण म्हणून नेत्याचा फोटो छापलेली पिशवी, आठ मार्चला खेळ पैठणीचा, फुगे फोडा, संगीत खुर्ची, एकीला पैठणी आणि बाकीच्यांना टाळ्या. मजा असते, नाही असं नाही, घराबाहेर पडायला निमित्त मिळतं हेही खरंच. पण तिथून बाई पैठणी घेऊन घरी येते किंवा न घेता येते, एवढंच. महोत्सवातून ती गिऱ्हाइकांचे नंबर, कुठला माल चालला आणि कुठला पडून राहिला याचा हिशेब आणि पुढच्या वर्षीची ऑर्डर घेऊन येते.

आणि महोत्सवालासुद्धा एक फट आहे, ती कुणी दाखवत नाही. स्टॉलवरचा क्यूआर कोड. गिऱ्हाईक स्कॅन करतं, टुंग वाजतं, पैसे आले. कुणाच्या खात्यात? बऱ्याचदा स्मार्टफोन नवऱ्याचा किंवा पोराचा, त्यामुळं कोडही त्याचाच. दिवसभर बाई उभी, चटणी तिची, बोलणं तिचं, आणि रक्कम गेली दुसऱ्याच्याच खात्यात. मागून दिली जातेही, पण मागावी लागते. माणदेशी बँकेत हा प्रश्न फार आधीच वेगळ्या रूपात आला होता, बायका म्हणायच्या पासबुक नको, घरात सापडलं की शिलकीवर डोळा. म्हणून तिथं कार्डाची सोय झाली. तेव्हा असल्या कार्यक्रमाला मदत करणाऱ्यांनी भाषणाला एखादा पाहुणा कमी बोलवावा आणि गेटवरच एक टेबल टाकून ज्या बाईचं स्वतःच्या नावाचं खातं कोडला जोडलेलं नाही तिचं जोडून द्यावं. जेवणाच्या सुट्टीच्या आत कितीतरी जणींचं होईल.

पुढारपणाचं म्हणाल तर तेही इथूनच उगवतं, फक्त हळू. गटात दर महिन्याला बैठक, वही, कर्ज कुणाला आधी द्यायचं यावरून भांडण, हप्ता चुकवणाऱ्या जावेकडं जाऊन वसुली. ज्या बाईनं स्वतःच्या जावेकडून हप्ता वसूल केलाय तिला ग्रामसभेत बोलायची कसली भीती. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांच्या आहेत, पण खुर्चीवर ती आणि सही कुठं करायची ते सांगायला मागं सरपंचपती, हे चित्र तुम्हीही पाहिलंय. गटाची वही सांभाळलेली बाई तिथं बसली की आधी कागद वाचते. वाचायला लागली की सरपंचपतींना बाहेर चहाच्या टपरीवर बरंच काम निघतं.

(पडद्यावर: शेवटचा दिवस, संध्याकाळ. गाठोडी, खोकी, टेम्पो.)

शेवटच्या दिवशी हुशार गिऱ्हाईक मुद्दाम उशिरा येतं. आता काय परत नेणार का, द्या कमी करून. पहिल्यांदा आलेल्या थोड्या ढिल्या पडतात, जुन्या मात्र माल भरायला लागतात, कारण घोंगडी काय नासत नाही आणि चटणीची मागणी मागाहून येणार हे त्यांना माहितीय. उरलेल्यात आपसात देवाणघेवाण होते, केरसुणीच्या बदल्यात मटकी, तव्याच्या बदल्यात मसाला, आणि तीसुद्धा भाव करूनच बरं का.

मग आठवड्याभरात म्हसवडकडं व्हॉट्सॲपवर मेसेज सुरू होतात. मावशी ती शेंगदाण्याची चटणी अजून आहे का, दोन किलो पाहिजेल, आमच्या सोसायटीतल्या सगळ्यांना आवडली, आता नेहमी तुमच्याकडूनच घेणार तर काहीतरी कमी करा. टाइप करायचा कंटाळा म्हणून उत्तर जातं आवाजात, मागं शेळी ओरडतेय: आहे की ताई, 480 किलो, पार्सलचे वेगळे, आणि पैसे आधी टाका, नंबर पाठवते, माझाच आहे.