सावली रंगवण्याआधी
(रंगभूषेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, कॉन्टूरिंग, म्हणजे गडद रंगाने चेहऱ्यावर सावल्या रंगवून त्याची ठेवण उठावदार करणे, शिकायला आलेला विद्यार्थी बहुधा पहिल्याच दिवशी विचारतो की गडद रंग नेमका कुठे लावायचा. गालावर, नाकावर, जबड्यावर तपकिरी पट्टे ओढलेली छायाचित्रे त्याने पाहिलेली असतात आणि तेच पट्टे स्वतःच्या चेहऱ्यावर गिरवले की काम झाले, असा त्याचा समज असतो. माझ्या मते पहिला प्रश्न प्रकाश कुठून येतो हा असायला हवा. कारण आपण जे लावतो ती सावलीची नक्कल असते, आणि प्रकाशाची दिशा ठाऊक नसताना सावली रंगवता येत नाही.

ही विद्या मुळात नटांची आहे. रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीलगत दिवे असत, तेव्हा प्रकाश खालून येऊन हनुवटीखालची नेहमीची सावली पुसली जाई. ती हरवलेली ठेवण नट रंगाने परत आणत. बर्लिनमध्ये लुडविग लाइख्नर या ऑपेरा गायकाने १८७३ मध्ये नटांसाठीच्या तेलकट रंगकांड्यांचा कारखाना काढला. पुढे मूकपटांच्या काळात वेगळीच अडचण उभी राहिली. त्या वेळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल रंग काळपट उमटे, त्यामुळे गालाला लाली लावलेली नटी पडद्यावर गाल बसल्यासारखी दिसे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस सर्व रंग टिपणारी पँक्रोमॅटिक फिल्म रुळली, तेव्हा हॉलिवूडचे रंगभूषाकार मॅक्स फॅक्टर यांना त्यासाठी रंगांचा संच नव्याने तयार करावा लागला.

आता रंगाकडे वळू. सावलीत ऊब नसते, म्हणून कॉन्टूरचा तपकिरी रंग किंचित थंड हवा. ब्राँझर नावाच्या प्रसाधनात तांबूस झाक असते. त्याने चेहरा उन्हात रापल्यासारखा दिसतो, आत गेल्यासारखा नाही. मात्र गोऱ्या कातडीसाठी बनवलेली करडी छटा आपल्याकडच्या गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखी दिसते. अशा त्वचेवर आपल्या वर्णापेक्षा एक-दोन छटाच गडद, पण मातकट वाटणार नाही असा तपकिरी निवडावा आणि तो जबड्याच्या कडेला दिवसाच्या उजेडात लावून पाहावा. मनगटावर लावून घेतलेली छटा हमखास फसवते.

गालासाठी आरसा बाजूला ठेवा आणि बोटाने चाचपा. कानाच्या मध्यापासून ओठांच्या कोपऱ्याकडे बोट सरकवले की हाडाची खालची कड लागते. रंग तिच्या लगेच खाली, पोकळी जिथे सुरू होते तिथे बसतो. सुरुवात कानाजवळ करावी, कारण ब्रश पहिल्यांदा टेकतो तिथेच सर्वांत जास्त रंग उतरतो, आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून खाली सोडलेल्या काल्पनिक रेषेशी थांबावे. त्यापुढे रंग गेला की चेहरा आजारी दिसू लागतो. विरवताना हात वरच्या दिशेने न्यावा. खाली ओढलेला रंग गाल ओघळल्यासारखा दाखवतो. पट्ट्याची खालची कड आधी विरवावी, म्हणजे वरची थोडी ठळक राहिली तरी ती हाडाची सावली वाटते.

कॉन्टूरसाठी क्रीमच्या रूपातला रंग वापरत असाल तर तो पावडरच्या आधी आणि ओलसर स्पंजने थोपटून. पावडर बसवल्यावर क्रीम लावले तर ठिगळे पडतात. नाकाबद्दल थोडक्यात सांगतो: नवशिक्याने ते शेवटी शिकावे, कारण तिथे गव्हाएवढी चूकही समोरून दिसते.

लग्नाच्या मांडवाविषयी मात्र आवर्जून सांगायला हवे. तिथे व्हिडिओवाल्याचा झगझगीत दिवा थेट समोरून पडतो आणि चेहऱ्याच्या खऱ्या सावल्या धुऊन टाकतो, म्हणून नवरीला घरच्या आरशात थोडी जास्त वाटणारी छटा तिथे बेताची ठरते. तीच छटा सकाळच्या विधींना, मोकळ्या उन्हात, गालावरच्या डागासारखी दिसेल. तेव्हा काम ठरवतानाच मुहूर्त किती वाजता आहे आणि मांडव उघड्यावर आहे की सभागृहात, हे विचारून घ्या. जबड्याखालचा रंग गळ्यापर्यंत विरला आहे का, हे नवरीला मान दोन्ही बाजूंना वळवायला लावून तपासा. फोटोग्राफर तिला बाजूनेही टिपणारच असतो.